घरच्या घरी गुप्तरोगाची टेस्ट करायचीय? आधी तारीख लिहून घ्या

किट मागवायच्या आधी एक काम करा, ज्या दिवशी रिस्क झाली असं वाटतंय ती तारीख कुठेतरी लिहून ठेवा, मोबाईलमध्ये, वहीच्या मागच्या पानावर, कुठेही. मी इंदूरमध्ये एका लॅबच्या कलेक्शन सेंटरला काउंटरवर बसतो आणि जे बघतो ते असं, की लोक सुई टोचण्यात किंवा पट्टी वाचण्यात फारसे चुकत नाहीत, चुकतात ते दिवस मोजण्यात. शनिवारी काहीतरी झालं, रविवारी टेन्शन, सोमवारी ऑनलाइन किट मागवलं, गुरुवारी टेस्ट केली, निगेटिव्ह आली, झालं, सुटलो! अहो कसलं सुटलो, ती टेस्ट केली काय आणि न केली काय सारखंच. इन्फेक्शन शरीरात शिरलं तरी टेस्टला दिसायला वेळ लागतो, त्याला विंडो पिरियड म्हणतात आणि तो प्रत्येक रोगाचा वेगळा असतो.

आणि तारीख लिहिताना लक्षात आलं की अजून ७२ तास झालेले नाहीयेत, तर पुढचं नंतर वाचा, आधी दवाखाना गाठा. टेस्टसाठी नाही, औषधासाठी. पेप म्हणून २८ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स असतो, कंडोम फाटला, किंवा वापरलाच नाही आणि समोरच्याचं काही माहीत नाही, किंवा जबरदस्ती झाली, अशा वेळी डॉक्टर रिस्क बघून तो सुरू करतात म्हणजे एचआयव्ही शरीरात बस्तान बसवायच्या आत अडवता येतो. पण ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं, त्यामुळे सोमवारी ओपीडी उघडली की जाऊ हे चालणार नाही, रात्र असली तरी एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या, इमर्जन्सीत जाऊन सरळ विचारायचं. जबरदस्तीची केस असेल तर सरकारी असो की प्रायव्हेट, कुठल्याही हॉस्पिटलला लगेच आणि फुकट उपचार द्यावेच लागतात, कायदाच आहे तसा, आधी रिपोर्ट लिहून या असं सांगून परत पाठवता येत नाही.

आता दिवसांचा हिशोब. एचआयव्हीची घरी करायची टेस्ट, मग ती बोट टोचून असो की हिरडीवरून, अँटिबॉडी, म्हणजे इन्फेक्शनशी लढायला शरीर स्वतः बनवतं ती प्रथिनं, शोधते, आणि त्या दिसायला साधारण २३ ते ९० दिवस लागतात. लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन फोर्थ जनरेशन टेस्ट केली, जी अँटिबॉडीसोबत विषाणूचा अंशही शोधते, तर १८ ते ४५ दिवस. नॅट नावाची, थेट विषाणूच शोधणारी महागडी टेस्ट १० ते ३३ दिवसांत पकडते. म्हणजे घरच्या किटवर आजची निगेटिव्ह पक्की धरायची असेल तर शेवटच्या रिस्कपासून ९० दिवस उलटलेले पाहिजेत, आणि मधल्या काळात पुन्हा रिस्क झाली तर मोजणी परत शून्यापासून. गनोरिया (परमा) आणि क्लॅमिडिया हे दोन साधारण दोन आठवड्यांनी लघवीच्या किंवा स्वॅबच्या, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेल्या सॅम्पलच्या, टेस्टमध्ये येतात. सिफिलिसचं रक्त ६ आठवड्यांनी एकदा आणि ९० दिवसांनी परत, असं दोनदा केलेलं बरं. हेपटायटिस बी बहुतेकांना महिन्याभरात दिसतो पण काहींना १० आठवडेही लागतात, सी च्या अँटिबॉडीला दोन ते तीन महिने. सगळ्यांचे दिवस लक्षात राहत नसतील तर एवढंच धरा, लघवी दोन आठवड्यांनी, रक्त दीड महिन्याने एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा.

हे सगळं अशा माणसासाठी आहे ज्याला काहीच त्रास होत नाहीये. लघवीच्या जागेतून पू येतोय, जखम आहे, गाठ आलीय, अंडकोष दुखतायत, बायकांना ओटीपोटात दुखून ताप आहे, संबंधानंतर रक्त जातंय, किंवा दिवस राहिलेत, तर किटच्या नादाला लागू नका. त्याला डॉक्टरनेच बघायला पाहिजे. जखम तर बघूनच निम्मं कळतं, आणि सिफिलिसची जखम दुखत नाही हीच मोठी गडबड आहे, काही आठवड्यांत आपोआप भरते, माणूस म्हणतो बरं झालं, आणि रोग आत चालू.

आता घरी टेस्ट म्हणजे नेमकं काय, कारण ऑनलाइन सगळ्यालाच होम टेस्ट म्हणतात. एक म्हणजे खरी सेल्फ टेस्ट, तुम्हीच सॅम्पल घ्यायचं, तुम्हीच पट्टी वाचायची, १५-२० मिनिटांत उत्तर. दुसरं, सॅम्पल तुम्ही घरी घ्यायचं, म्हणजे लघवी किंवा स्वॅब, आणि टेस्ट लॅबमध्ये. तिसरं, लॅबचा माणूस घरी येऊन शिरेतून रक्त घेऊन जातो. माझं मत विचाराल तर एचआयव्ही सोडला तर खरी सेल्फ टेस्ट घ्यायच्या फंदात सध्या पडू नका, दुसरा-तिसरा प्रकारच कामाचा. डब्ल्यूएचओने एचआयव्ही सेल्फ टेस्टची शिफारस २०१६ मध्ये केली, हेपटायटिस सी ची २०२१ मध्ये, सिफिलिसची तर २०२४ मध्ये, म्हणजे हा प्रकार अजून तसा नवाच आहे. आणि गनोरिया-क्लॅमिडियाची जी स्वस्त पट्टी ऑनलाइन मिळते, प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखी दिसणारी, तिच्यावर पैसे घालवू नका, ह्या दोघांसाठी लॅबमध्ये होणारी पीसीआर किंवा नॅट, म्हणजे थेट जंतूच शोधणारी, टेस्टच पाहिजे.

पाकीट हातात आलं की आधी मागची बाजू वाचा. बऱ्याच कार्डांवर बारीक अक्षरात फॉर प्रोफेशनल यूज ओन्ली लिहिलेलं असतं. ती कार्डं लॅबवाल्यांसाठी असतात, दवा बाजारात, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारात, बॉक्सच्या बॉक्स मिळतात, आणि कोणीतरी तेच सुटं करून ऑनलाइन विकतं, त्यात कधी लॅन्सेट (बोट टोचायची सुई) नसतो, कधी बफरची (कार्डावर टाकायच्या द्रवाची) बाटली नसते, माहितीचा कागद तर नसतोच. सेल्फ टेस्ट असं स्पष्ट लिहिलेलं, लायसन्स नंबर आणि एक्स्पायरी छापलेली, सीलबंद, एवढं बघूनच घ्यायचं. अजून एक, बहुतेक किट २ ते ३० डिग्रीत ठेवायची असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात कुरियरवाल्याने पार्सल दुपारभर स्कूटरच्या डिक्कीत ठेवलं तर आतल्या कार्डाचं काय होत असेल विचार करा. उन्हाळ्यात लॅबच बरी.

बोट टोचायची पद्धत. हात कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडे करा, ओलं बोट असलं की थेंब पसरतो, उभा राहत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताचं मधलं नाहीतर करंगळीशेजारचं बोट घ्या, टोकावर नाही, बाजूला टोचा, तिथे दुखतं कमी आणि रक्त येतं जास्त. हात खाली लोंबवून मिनिटभर हलवा आधी. पहिला थेंब पुसायचा की तोच वापरायचा हे किटप्रमाणे बदलतं म्हणून कागद वाचा, आणि रक्त येत नाही म्हणून बोट जोरजोरात पिळू नका, त्याने रक्तात दुसरं पाणी मिसळतं, त्यापेक्षा दुसऱ्या बोटाला टोचा. कार्डाचं पाकीट अगदी शेवटी उघडायचं, आधी उघडून ठेवलं तर दमट हवेने खराब होतं, पावसाळ्यात तर फारच. मग सांगितलं तेवढंच रक्त, सांगितले तेवढेच बफरचे थेंब, मोबाईलवर टायमर.

हिरडीची टेस्ट असेल तर १५ मिनिटं आधी काही खायचं-प्यायचं नाही, ब्रश आणि माउथवॉश अर्धा तास आधीपासून बंद, आणि पान-गुटखा तोंडात ठेवून तर नकोच नको. वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या हिरडीवरून एकदा, बस, परत परत घासायचं नाही. ही टेस्ट सोपी खरी पण बोटाच्या रक्तापेक्षा थोडी कमी पकडते, अमेरिकेत २०१२ साली ओराक्विक नावाच्या अशा किटला मंजुरी मिळाली तेव्हाच सांगितलं होतं की घरी वापरल्यावर खरंच एचआयव्ही असलेल्या १२ जणांमागे साधारण एकाला ती चुकून निगेटिव्ह दाखवू शकते. म्हणून सुईची फारच भीती असेल तरच हिरडीची घ्या. ज्यांच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या, गोळ्या आधीच चालू आहेत त्यांनी, बघू तर आता काय येतंय, म्हणून सेल्फ टेस्ट करू नये, औषधामुळे निगेटिव्ह येऊ शकते आणि काही लोक त्यावर गोळ्या बंद करतात. प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून रिस्कच्या आधीपासूनच औषध, घेणाऱ्यांनीही लॅबचीच टेस्ट करावी.

पट्टी वाचताना, सी (कंट्रोल) ची रेघ आलीच पाहिजे, ती नाही आली तर टेस्ट बाद, मग टी (टेस्ट) ची रेघ असो नसो. सी आणि टी दोन्ही आल्या तर रिअॅक्टिव्ह, म्हणजे पुढची पक्की टेस्ट करावी लागणार, आणि टी ची रेघ कितीही फिकट असली, ट्यूबलाइटखाली धरून तिरकं बघावं लागत असलं, तरी ती रेघच समजायची. वेळ मात्र पाळा. २० मिनिटांनी वाचा म्हटलंय तर २० मिनिटांनीच, झोपून उठून सकाळी बघितलेल्या रेघेला काही अर्थ नाही.

लघवीच्या सॅम्पलमध्ये एक उलटी गोष्ट आहे. नेहमीच्या लघवीच्या टेस्टला आम्ही सांगतो पहिली धार सोडा, मधली धरा, जागा धुऊन घ्या. गनोरिया-क्लॅमिडियासाठी बरोबर उलट, पहिलीच धार पाहिजे, २०-३० मिली, बस, बाटली भरायची नाही, आणि आधी धुवायचं नाही, आणि त्याआधी निदान एक तास लघवीला गेलेलं नसावं. हे काउंटरवर सांगितलं तरी लोक सवयीने मधली धारच घेऊन येतात. बायकांसाठी लघवीपेक्षा स्वतः घेतलेला योनीचा स्वॅब जास्त पक्का, साधारण दोन इंच आत, कागदावर लिहिलंय तितके सेकंद हळू फिरवायचा, बाहेर काढून कुठेही न टेकवता नळीत, रेघेवर मोडायचा, झाकण घट्ट. पाळी चालू असेल तर लॅबला फोन करून विचारा.

आणि ही गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो, इन्फेक्शन जिथे संबंध आला तिथेच असतं. फक्त ओरल झालं असेल आणि तुम्ही लघवी दिली तर घशातला गनोरिया लघवीत कसा येणार? मागून झालं असेल तर गुदद्वाराचा स्वॅब लागतो. ह्या दोन जागांना बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं. लॅबला फोन करून घशाचा आणि रेक्टल स्वॅब घेता का एवढंच विचारा, कारण सांगायची गरज नाही, समोरच्याने रोज ऐकलेलं असतं सगळं.

पॅकेजच्या भानगडीत पडू नका. १०-१२ नावांचं मोठं पॅनल असतं, त्यात युरियाप्लाझ्मा, मायकोप्लाझ्मा होमिनिस असली नावं असतात, ती कितीतरी धडधाकट लोकांमध्ये अशीच सापडतात आणि मग उगाच अँटिबायोटिक सुरू. हर्पिसची ब्लड टेस्टही काही जखम नसताना करू नका, खोटी पॉझिटिव्ह येते, आणि खरी आली तरी कधी झालं, कुठे झालं हे कळत नाही, झोप मात्र उडते. पुरुषांसाठी एचपीव्हीची (चामखिळी आणि काही कॅन्सर करणाऱ्या व्हायरसची) नेहमीच्या तपासणीत वापरावी अशी टेस्टच नाहीये. एचआयव्ही, सिफिलिस, हेपटायटिस बी, सी, आणि गनोरिया-क्लॅमिडिया, एवढं पुरे. आणि फुल बॉडी चेकअप केलं म्हणजे ह्यात एचआयव्ही आला असेल असं समजू नका, त्याला तुमची वेगळी संमती लागते. काही शहाणे रक्तदान शिबिरात रक्त देऊन येतात, तिथे तपासतातच ना म्हणून. असं अजिबात करू नका, विंडो पिरियडमधलं रक्त दुसऱ्या कोणाला तरी चढतं.

आता घरचा प्रश्न, कारण रामबागेत नाहीतर सुदामा नगरमध्ये आई-बाबा, आजी, वहिनी सगळ्यांसोबत राहून घरी टेस्ट करायची म्हणजे टेस्टपेक्षा घरच अवघड. लॅबचा माणूस सकाळी सातला बेल वाजवतो आणि दारात तुमचं नाव घेऊन विचारतो, उपाशीपोटी आहे ना? मग आई विचारणारच, कशासाठी रे. घरी बोलवायचं नसेल तर सरळ सेंटरला या, पाच मिनिटांचं काम आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोबाईल नंबर. लॅबच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावावर जुना नंबर असतो, बऱ्याचदा बाबांचा, कारण दहावीत टायफॉइड झाला तेव्हा त्यांनीच नेलं होतं, आणि रिपोर्ट तयार झाला की त्याच नंबरवर व्हॉट्सअॅप जातो. बुकिंगच्या वेळी विचारा, माझ्या नावाला कोणता नंबर लागलाय, आणि बदलून घ्या, ईमेलसुद्धा. भंवरकुआँला होस्टेलवर राहणाऱ्यांनी पार्सल रूमवर न मागवता कुरियरच्या ऑफिसातून उचलायचा पर्याय असेल तर तो घ्यावा.

वापरलेला लॅन्सेट तसाच डस्टबिनमध्ये टाकू नका, कचरागाडीवरचा माणूस हाताने चाळतो ते. जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, आणि गाडीवर जो धोकादायक कचऱ्याचा वेगळा डबा असतो त्यात द्या. कापूस, पट्टी, स्वॅब सॅनिटरीच्या डब्यात. इंदूरकरांना हे मी काय सांगायचं.

समजा रिअॅक्टिव्ह आली. घरच्या पट्टीवर कोणाला एचआयव्ही आहे असं ठरत नाही, ठरवायला आपल्याकडे वेगवेगळ्या तीन टेस्ट लागतात आणि त्या आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात, होतात, एमवायला आहे, फुकट आहे, काउन्सेलर आधी बोलतो, संमती घेतो, रिपोर्ट फक्त तुम्हाला. जायची हिंमत होत नसेल तर आधी १०९७ वर फोन करा, टोल फ्री आहे. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा आहे, त्यामुळे काही मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, कोणाला सांगता येत नाही, नोकरी द्यायला टेस्टची अट घालता येत नाही. आणि पक्की निघाली तरी २०१७ पासूनच नियम असा आहे की सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) किती का असेना, एआरटी लगेच आणि मोफत सुरू होते, गोळ्या नीट घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडेनासा झाला की संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हेपटायटिस बी किंवा सी निघाला तर त्याचाही २०१८ पासून सरकारी मोफत कार्यक्रम आहे. बी निगेटिव्ह आला आणि लस घेतलेली नसेल तर घेऊन टाका, तीन डोस, आज, महिन्याने, सहाव्या महिन्यात.

सिफिलिसच्या कार्डाचा एक घोळ असतो. एकदा झाला की औषध घेऊन पूर्ण बरा झाला तरी रॅपिड कार्ड बहुतेकांचं आयुष्यभर पॉझिटिव्हच दाखवतं. त्यामुळे आधी उपचार झालेले असतील तर कार्ड करूच नका, व्हीडीआरएल किंवा आरपीआर, ह्या सिफिलिसच्याच लॅबमधल्या रक्ताच्या टेस्ट, त्यातली एक करा आणि त्याचा आकडा, १:३२ वरून १:८ असा, जुन्या रिपोर्टशी लावून डॉक्टरला दाखवा. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. उलट फक्त व्हीडीआरएल हलकी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, गरोदरपणात किंवा दुसऱ्या आजारांतही ती तशी येते, दुसऱ्या टेस्टने पक्कं करतात.

मेडिकलवाल्याला सांगून तीन गोळ्यांचा पत्ता घेऊन मोकळं व्हायचं, हे बंद करा. गनोरियावर जुन्या गोळ्या आता धड चालत नाहीत, बऱ्याचदा इंजेक्शन लागतं, आणि अर्धवट औषध खाऊन टेस्ट केली तर टेस्टही फसते. पैशाची अडचण असेल तर सरकारी हॉस्पिटलांत सुरक्षा क्लिनिक असतं, गुप्तरोगांसाठीच, तिथे लक्षणांप्रमाणे रंगीत पाकिटांत औषधं मिळतात, राखाडी, हिरवं, पांढरं वगैरे, आणि पार्टनरलाही मिळतात. उपचार झाल्यावर ७ दिवस संबंध नको, दोघांनाही. बरं झालं का बघायला लगेच आठवड्याने पीसीआर करू नका, मेलेले जंतूही त्यात पॉझिटिव्ह दाखवतात, डॉक्टरने सांगितलं तर चार आठवड्यांनी, आणि न सांगताही तीन महिन्यांनी एकदा, कारण लोकांना परत होतो तो बहुतेक वेळा त्याच पार्टनरकडून.

पार्टनरला कसं सांगायचं ह्यावर लोक महिनामहिना अडतात. फोनवर जमत नसेल तर मेसेज टाका, असा काहीतरी: "माझी टेस्ट झाली, क्लॅमिडिया निघाला. बरा होतो, औषध चालू केलंय. तुलाही टेस्ट करून घ्यावी लागेल, त्रास नसला तरी. आपण शेवटचं २ तारखेला भेटलो होतो त्यामुळे १६ नंतर लघवी दे, पहिली धार, आणि तोपर्यंत कोणासोबत नको. डॉक्टर लगेच औषध देतो म्हणाला तर थांबू नको, घेऊन टाक." कोणाकडून कोणाला लागला ते त्या मेसेजमध्ये काढू नका, टेस्टवरून ते कळतही नाही.